फुकटाच्या रुग्णाला दाद कोठे?

जुहूच्या किनाऱ्यावर पावसाळी भरतीत कोणी बुडता बुडता वाचला, स्वामी विवेकानंद रस्त्यावर कोणाला मोटारीने उडविले, किंवा अंधेरी आणि विलेपार्ले यांच्या दरम्यान कोणी लोकलमधून खाली पडला, तर त्याला उचलणारे हात फारसा विचार करीत बसत नाहीत. रिक्षावाल्याला ‘कूपर’ एवढा एक शब्द सांगितला की पुरतो. जुहू-विलेपार्ले विकास योजनेतल्या श्रीमंत वस्तीला खेटून उभे असलेले महापालिकेचे डॉ. आर. एन. कूपर रुग्णालय मात्र त्या वस्तीसाठी चालत नाही. शेजारच्या नेहरूनगरातील झोपड्या, जुहूचा कोळीवाडा, अंधेरी आणि जोगेश्वरीच्या चाळी येथून सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढे जी रांग लागते, तिच्यासाठी ते चालते. त्या रांगेत शाळेतला शिपाई असतो, धुणीभांडी करणारी बाई असते, आणि खाजगी डॉक्टरांच्या बिलांनी टेकीला आलेला कनिष्ठ मध्यमवर्गीय कारकूनही असतो.

या मैल-दीड मैलाच्या परिसरात रुग्णाच्या हिताचे निदान तीन वेगवेगळे कायदे नांदत आहेत. खाजगी शुश्रूषागृहातील रुग्णासाठी एक, धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयात जाणाऱ्या गरिबासाठी दुसरा आणि पैसे मोजून उपचार घेणाऱ्या ग्राहकासाठी तिसरा. चमत्कारिक गोष्ट अशी की, यांतले पहिले दोन कूपरसारख्या रुग्णालयाच्या दारापाशी येऊन थांबतात आणि तिसरा उंबरठ्यावर घुटमळतो. ज्याच्यापाशी दुसरा पर्याय नाही, नेमका तोच रुग्ण कायद्याच्या दृष्टीने सर्वांत उघडा आहे.

यांतला पहिला कायदा १९४९ सालचा, शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा. नोंदणीवाचून शुश्रूषागृह चालविता येणार नाही, तेथे पात्र डॉक्टर आणि पुरेशा प्रशिक्षित परिचारिका असल्याच पाहिजेत, हे त्याचे सार. मुंबईत त्याची अंमलबजावणी महापालिकेकडे आहे आणि प्रत्यक्षात ती विभागाच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर येऊन पडते. जुहू ज्या के-पश्चिम विभागात येते, तेथील आरोग्य अधिकाऱ्याला मलेरिया-डेंग्यूची साथ आवरायची असते, जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवायच्या असतात, लसीकरण पाहायचे असते आणि उपाहारगृहांचे आरोग्य-परवानेही तपासायचे असतात. या सगळ्यातून सवड काढून त्याने शुश्रूषागृहांच्या पायऱ्या चढाव्यात, अशी अपेक्षा आहे. तरीही कायदा कागदावर का होईना पुढे सरकला. १४ जानेवारी २०२१ रोजी राज्य शासनाने त्याच्या नियमांत मोठी दुरुस्ती केली. दरपत्रक दर्शनी भागात लावणे, रुग्णहक्कांची सनद प्रसिद्ध करणे आणि तक्रारनिवारणाची व्यवस्था ठेवणे ही बंधने त्यामुळे आली. आजाराचे स्वरूप समजावून घेण्याचा, कागदपत्रे मागण्याचा, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा आणि पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री-रुग्णाजवळ दुसरी स्त्री असण्याचा हक्क लेखी झाला. कायदा झाल्यापासून ही सनद भिंतीवर यायला सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला, हा भाग वेगळा.

परंतु याच कायद्यात एक अपवाद आहे. सरकारने किंवा स्थानिक संस्थेने चालविलेल्या रुग्णालयाला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे जी महापालिका जुहूच्या गल्लीतील दहा खाटांच्या शुश्रूषागृहात जाऊन परिचारिका मोजते, तिच्या स्वतःच्या रुग्णालयातील परिचारिका मोजण्याचा अधिकार या कायद्याने कोणालाच दिलेला नाही. १९४९ साली या अपवादाला काही अर्थ असेल. सरकार आणि नगरपालिका लोकहितासाठीच रुग्णालये चालवितात, तेव्हा त्यांच्यावर पुन्हा पहारेकरी कशाला, असा विश्वास त्या काळच्या कायदेकर्त्यांना वाटणे स्वाभाविक होते. आज तो विश्वास केसपेपरच्या रांगेतला कोणी बाळगीत असेल, असे वाटत नाही.

दुसरा कायदा धर्मादाय रुग्णालयांचा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात पुढे ‘४१ एए’ हे कलम घालण्यात आले आणि त्याखाली २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने एक योजना अमलात आली. न्यासाच्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात द्याव्यात, त्यासाठी बिलांच्या रकमेचे दोन टक्के एका स्वतंत्र निधीत जमा करावेत, अशी ती योजना आहे. तिच्या अंमलबजावणीविषयी तक्रारी पुष्कळ आहेत. पण तक्रार घेऊन जायला धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय तरी आहे. महापालिकेचे रुग्णालय न्यासाचे नसल्यामुळे तेथील रुग्णाचा या दाराशीही संबंध येत नाही.

राहिला ग्राहक संरक्षणाचा कायदा. वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ च्या निकालात स्पष्ट केले आणि डॉक्टरांच्या संघटनांनी तेव्हा बरेच आकांडतांडव केले. त्या निकालातली मेख मात्र सामान्य वाचकाच्या फारशी लक्षात राहिली नाही. जेथे काही रुग्णांकडून पैसे घेतले जातात आणि काहींना मोफत उपचार मिळतात, तेथील मोफत रुग्णही ग्राहक ठरतो. परंतु जेथे सर्वांनाच सेवा मोफत आहे, तेथे कोणीच ग्राहक नाही, आणि नोंदणीचे नाममात्र शुल्क घेतले म्हणून या स्थितीत फरक पडत नाही. महापालिकेची रुग्णालये तपासण्यांसाठी आणि शस्त्रक्रियांसाठी जे थोडेफार पैसे घेतात ते ‘नाममात्र’ की ‘मोबदला’, हा वाद वकिलांना वर्षानुवर्षे पुरणारा आहे. नेहरूनगरच्या बाईला तो परवडणारा नाही.

मग वैद्यक परिषद आहेच, असे कोणी म्हणेल. पण परिषद डॉक्टरची चूक तपासते. रात्रपाळीला परिचारिका एकटीच होती, औषध बाहेरून आणावे लागले, सोनोग्राफीची तारीख कित्येक आठवड्यांनंतरची मिळाली, यांत कोणत्या डॉक्टरचे नाव लिहायचे? अशा ठिकाणी चूक माणसाची नसून संस्थेची असते, आणि संस्थेला जाब विचारणारे कार्यालयच नाही. महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्काचा अधिनियम केला, त्याखाली मृत्यूचा दाखला किती दिवसांत मिळालाच पाहिजे हे ठरले. तो दाखला घेण्याची वेळ येऊ नये म्हणून करायची तपासणी किती दिवसांत व्हावी, हे मात्र ठरलेले नाही.

शेवटचा आश्रय राज्यघटनेचा. पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराची कथा या संदर्भात प्रत्येक लोकलप्रवाशाने ध्यानात ठेवावी अशी आहे. १९९२ च्या जुलैत तो गाडीतून पडला, डोक्याला मार लागला, आणि कलकत्त्यातील सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक ‘खाट नाही’, ‘सोय नाही’ असे सांगून त्याला परत पाठविले. अखेर खाजगी संस्थेत सुमारे सतरा हजार रुपये खर्चून त्याच्यावर उपचार झाले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग मानला, पैशाची टंचाई ही घटनात्मक कर्तव्य टाळण्याची सबब होऊ शकत नाही, असे बजावले आणि पंचवीस हजार रुपयांची भरपाई देवविली. निर्णय मोठा आहे यात शंका नाही. पण दर वेळी दिल्लीपर्यंत जाऊन जो हक्क मिळवावा लागतो, तो रात्री दोन वाजता अपघात विभागात उभ्या असलेल्या माणसाच्या कितपत उपयोगी पडणार?

येथे कूपरवर येणाऱ्या भाराचाही विचार केला पाहिजे. के. ई. एम. परळला, नायर मुंबई सेंट्रलला, लोकमान्य टिळक रुग्णालय शीवला. महापालिकेची ही तिन्ही मोठी शिकविणारी रुग्णालये जुन्या शहरात आहेत. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३१ लाख भरली, उपनगर जिल्ह्याची ९३ लाखांच्या वर. म्हणजे तीन-चतुर्थांश मुंबई एका बाजूला आणि मोठी रुग्णालये दुसऱ्या बाजूला. उपनगरात महापालिकेचे पहिले वैद्यकीय महाविद्यालय २०१५ साली कूपरला जोडून निघाले. त्यामुळे प्राध्यापक आले, निवासी डॉक्टर आले, आणि रुग्णांच्या अपेक्षाही परळच्या तोडीच्या झाल्या.

निवासी डॉक्टर म्हणजे पंचविशी ओलांडलेली मुले-मुली. त्यांच्याकडून सलग बारा तासांहून आणि आठवड्याला सामान्यतः अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम घेऊ नये, असा केंद्र सरकारचा १९९२ चा निर्देश आहे. कोणत्याही शिकविणाऱ्या रुग्णालयात तो उच्चारला तर निवासी डॉक्टर हसतील. परिचारिकांचे तसेच. शिकविणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत ज्याने एक रात्र काढली आहे त्याला हा दंडक कोणी पाळते का, हे विचारण्याची गरज नाही. तेथे स्ट्रेचर ढकलतो तो मुलगा, सलाइनची बाटली संपत आली की धावत जाते ती सून आणि रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोचवितो तो भाऊ. नातेवाईक हा सार्वजनिक रुग्णालयाचा बिनपगारी कर्मचारी झाला आहे. त्याचा तोल सुटला की तो डॉक्टरवर हात टाकतो, जे सर्वथैव निंद्य आहे. २०१० साली राज्याने या हिंसेविरुद्ध कायदा केला, तो आवश्यकच होता. त्याच साली संसदेने वैद्यकीय आस्थापनांचा केंद्रीय कायदाही संमत केला. तो खाजगी आणि सरकारी दोन्ही रुग्णालयांना किमान मानके लावतो. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही.

‘फुकट मिळते आहे, वर तक्रार कसली?’ असा एक सूर मध्यमवर्गीय घरांतून हमखास ऐकू येतो. तो अज्ञानाचा आहे. सार्वजनिक रुग्णालये स्थापन करणे आणि चालविणे हे १८८८ च्या महापालिका अधिनियमाने महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले आहे. मुंबईत जकात २०१७ च्या जुलैपर्यंत होती, आणि झोपडीत राहणाऱ्यानेही ती तेला-साखरेच्या किमतीतून भरली. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर गेला आणि त्यातला सुमारे दहावा हिस्सा आरोग्यासाठी होता. फुकट कोणी काही देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आधीच पिचलेल्या डॉक्टर-परिचारिकांच्या मानेवर आणखी एका कायद्याचे जोखड कशाला, असे रुग्णालयातली माणसे विचारतात. वस्तुतः किमान मानकांचा पहिला फायदा त्यांनाच होईल. रिक्त पदे भरावीत म्हणून अधिष्ठाता आज पत्र लिहितात, ती विनंती असते, आणि विनंतीला लेखा विभाग उत्तर देण्यास बांधलेला नसतो. तीच परिचारिकांची संख्या कायद्याची अट झाली, तर रिकामे पद हा कायदाभंग ठरेल आणि जाब रात्रपाळीच्या सिस्टरला द्यावा न लागता आयुक्तांना द्यावा लागेल. सार्वजनिक रुग्णालयांसाठी केंद्राची गुणवत्ता मानके २०१३ पासून आहेत, स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ पारितोषिकही आहे. पण बक्षिसाच्या आशेने पाळायची शिस्त आणि कायद्याने पाळायची शिस्त यांत फरक आहे. बाहेरून औषध आणावे लागू नये यासाठी महापालिकेने २०२४ साली ‘झिरो प्रिस्क्रिप्शन’ धोरण जाहीर केले, ते स्तुत्यच. मात्र औषधाची चिठ्ठी तरीही हातात पडली तर ती कोणाला दाखवायची, हा प्रश्न उरतोच. पूर्वी निदान नगरसेवकाला दाखविता येत असे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि दीर्घकाळ प्रशासकाचा कारभार चालला, तेव्हा तीही सोय राहिली नाही.

१९४९ च्या कायद्यातला तो अपवाद काढायचा तर काम विधिमंडळाचे आहे, नियम बदलून ते भागणार नाही. तपासणीही महापालिकेबाहेरच्या अधिकाऱ्याकडे द्यावी लागेल, कारण स्वतःचीच उत्तरपत्रिका तपासण्यात काय होते हे शिक्षकांना सांगायला नको. विधिमंडळाला सवड होईपर्यंत एक गोष्ट मात्र आयुक्तांना एका परिपत्रकाने करता येण्यासारखी आहे. कूपरच्या प्रत्येक वॉर्डाबाहेर एक फळा टांगावा आणि त्यावर दर पाळीला खडूने लिहावे : खाटा किती, रुग्ण किती, कामावर परिचारिका किती, डॉक्टर कोण, भांडारात न मिळालेली औषधे कोणती, आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव काय.