परवाना-शुल्क आणि उगवणीची परीक्षा

बियाणे विकणाऱ्यास १९८३ च्या बियाणे (नियंत्रण) आदेशान्वये परवाना घ्यावा लागतो व त्याचे शुल्क भरावे लागते. हा बोजा अखेर शेतकऱ्याच्याच माथी येतो, ही तक्रार अगदीच निराधार नव्हे. परंतु दुकानात टांगलेला परवाना उगवणीची हमी देत नाही. सोयाबीनची उगवणशक्ती किमान ७० टक्के हवी. मात्र त्याचे टरफल इतके नाजूक की, पोते आपटले तरी अंकुर दुखावतो. खूणचिठ्ठीवरील आकड्याची शहानिशा निरीक्षकाने घेतलेल्या नमुन्यावरूनच होते. प्रयोगशाळेतील उगवण-चाचणीस आठच दिवस लागतात. तरीही निष्कर्ष मृगाची पेरणी उरकल्यावर आला, तर त्याचा उपयोग काय? शुल्काचा पैसा प्रथम प्रयोगशाळांकडे वळवून नमुने मे महिन्यातच तपासले जावेत, हे इष्ट होय.