एकट्याने सोडवायचे गणित

दलित, आदिवासी वा अल्पभूधारक शेतकऱ्याच्या घरातील मुलगा विज्ञानशाखेच्या गणितात मागे पडला की कारणे सांगणारे चटकन पुढे येतात. पाया कच्चा आहे, घरात शिक्षणाचे वातावरण नाही, महत्त्वाकांक्षा नाही, आणि गरिबी आहे. शेवटचे कारण सहानुभूतीने सांगितले जाते व पहिली तीन तुच्छतेने, एवढाच काय तो फरक. निष्कर्ष चारही कारणांतून एकच काढला जातो : उणीव विद्यार्थ्यात आहे, महाविद्यालयाने आपली घडी बदलण्याचे प्रयोजन नाही.

नेमकी हीच चार कारणे १९७० च्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापकही देत असत. तेथे पहिल्या सत्राचा कलनशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६० टक्के शेवटच्या दोन श्रेणींत जात. युरी ट्रीझमन या तरुण गणिताभ्यासकाने ही कारणे गृहीत न धरता तपासून पाहायचे ठरविले. २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी त्याने निवडले आणि ते वर्गाबाहेर अभ्यास कसा करतात, हे त्यांच्याबरोबर राहून पाहिले. प्रश्नावल्या वाटून अहवाल लिहिण्याची आपल्याकडील सवय ध्यानात घेता ही पद्धत मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे.

चारही कारणे टिकली नाहीत. कृष्णवर्णीय मुलांतील कित्येक जण आपापल्या शाळेत पहिले आलेले होते. त्यांच्या आईवडिलांनी त्यांच्या शिक्षणासाठी झीज सोसली होती. उत्पन्नाशी यशापयशाचा मेळ बसेना. आणि प्रवेशपरीक्षेत चांगले गुण मिळवून आलेली मुलेही विद्यापीठातून काढून टाकले जाण्याच्या उंबरठ्यावर होती.

फरक सापडला तो संध्याकाळच्या वेळात. वर्गातील प्रत्येक तासामागे बाहेर दोन तास अभ्यास करावा, असे शिक्षक सांगत. आठवड्याला चार तास वर्ग, म्हणजे आठ तास अभ्यास. कृष्णवर्णीय मुले हा हिशेब काटेकोरपणे पाळत होती आणि २० पैकी १८ जण एकटे अभ्यास करीत होते. चिनी मुले आठवड्याला चौदा तास देत. त्यांतले आठ-दहा तास प्रत्येकाचे स्वतंत्र. मग संध्याकाळी ती एकत्र जमत, एकमेकांची उत्तरे ताडून पाहत, चुका दाखवीत, जुन्या प्रश्नपत्रिका काढीत. एखादे उदाहरण कोणालाच सुटले नाही, तर ते खरोखरच अवघड आहे एवढे तरी त्यांना कळत असे. एकट्या मुलाला हेही कळत नाही. त्याला वाटते, आपणच मठ्ठ आहोत. आणि ते कोणाला कळू नये म्हणून तो आणखी एकटा होतो. यातील क्रूर भाग असा की, कोणावर अवलंबून न राहण्याच्या ज्या गुणामुळे तो आपल्या शाळेतून निभावून वर आला, तोच गुण येथे त्याला बुडवतो.

ट्रीझमनने १९७८ मध्ये कार्यशाळा सुरू केल्या. त्या ‘मागासांसाठी जादा तास’ या स्वरूपाच्या नव्हत्या. चांगल्या विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम म्हणूनच निमंत्रण दिले गेले, उदाहरणे वर्गातल्यापेक्षा कठीण निवडली गेली आणि ती गटात बसून सोडवायची होती. १९९० मध्ये रॉबर्ट फुलिलव्ह आणि ट्रीझमन यांनी प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात कार्यशाळेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या नापाशीचे प्रमाण इतरांच्या मानाने फारच अल्प आढळले. आपण होऊन आलेली मुले मुळातच अधिक जिद्दीची असणार, हा आक्षेप त्यावर घेतला गेला व तो रास्त आहे. पण जी जिद्द आधी एकांतात वाया जात होती, ती येथे कामी आली, हे त्या आक्षेपानेही खोडले जात नाही.

एकत्र बसल्याने गणितात नेमके काय घडते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पदवीच्या विश्लेषणात बिंदुशः अभिसरण आणि एकसमान अभिसरण यांतील भेदावर असंख्य मुले अडखळतात. पुस्तकातील दोन्ही व्याख्यांत शब्द जवळजवळ तेच. केवळ क्रम बदललेला. ‘प्रत्येक गावासाठी एक शिक्षक आहे’ आणि ‘एक शिक्षक असा आहे, जो प्रत्येक गावासाठी आहे’ या दोन वाक्यांत जो फरक, तोच तेथे आहे. ० आणि १ यांच्यामधील कोणतीही संख्या घ्या, तिचे चढते घात शून्याकडे जातात. पण घात ०.०१ च्या खाली यायला ०.९ ला ४४ वा घात पुरतो, तर ०.९९९ ला ४६०३ वा लागतो. सगळ्यांना पुरेल असा एकच आकडा नाही. हे फळ्यावर लिहिलेले उतरवून घेता येते, समजते मात्र ते सांगताना. आणि सांगणारा मुलगा ते आपल्या बोलीत, गावाचे, पाळीच्या पाण्याचे दाखले देत सांगतो. इंग्रजी व्याख्येपुढे अवाक झालेल्या मुलाच्या तोंडी प्रथमच गणित येते. सांगणाऱ्याचाही लाभ ऐकणाऱ्याहून कमी नसतो, कारण शेजाऱ्याच्या ‘का?’ पुढे पाठांतर चालत नाही.

महाराष्ट्राला ही गोष्ट परदेशातून शिकण्याचे खरे तर कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, जेवत आणि शिकत होती. सहजीवनाचा तो विचार पुढे मुख्यतः राहण्या-जेवण्याच्या सोयीपुरता उरला. दुसऱ्या टोकाला, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयी डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये दिलेल्या अहवालात राखीव जागांवरील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वाट्याला येणाऱ्या एकटेपणाच्या तक्रारी मांडलेल्या आहेत. ज्याच्याबरोबर कोणी जेवायला बसत नाही, त्याच्याबरोबर रात्री उदाहरणे सोडवायला कोण बसणार? जात येथे थेट गुणपत्रिकेत उतरते, आणि मग त्याच गुणपत्रिकेच्या आधारे गुणवत्तेवर व्याख्याने दिली जातात.

यात भर घातली ती प्रवेशपरीक्षांच्या क्रमवारीने. शेजारी बसलेला मुलगा म्हणजे आपली जागा हिरावणारा, हे दोन वर्षे क्लासमध्ये बिंबवून घेतलेले तरुण पदवीला आल्यावर वही झाकूनच बसतात. पदवीला तर एकाचे गुण वाढल्याने दुसऱ्याचे घटत नाहीत. पण सवय जडलेली असते. ज्याच्या घरी पैसा आहे तो क्लासमध्ये सोबतही विकत घेतो, शंका विचारायला शिक्षकही. ज्याच्याकडे नाही, त्याला ती फुकट मिळण्याचा एकच मार्ग असतो आणि तोच त्याला लाजिरवाणा वाटायला लावलेला असतो.

गटात बसणे म्हणजे नक्कल, अशी शंका प्राध्यापक घेतात. बर्कलीची मुले आधी आठ-दहा तास स्वतः झगडून मगच एकत्र येत, हे त्यांनी पाहावे. नक्कल करणारा एकांतातही ‘गाइड’वरून करतोच. अधिक गंभीर धोका निराळाच आहे. मुलेच मुलांना शिकवतात असे दिसले, तर शासन त्याचे कौतुक करील आणि प्राध्यापकांच्या रिक्त जागा तशाच ठेवील; तासिका तत्त्वावरील शिक्षक एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावत राहील. परस्पर साहाय्य हे शिक्षकाच्या कामाला जोड म्हणून आहे. बर्कलीतही उदाहरणे निवडणारा, गटांमधून फिरणारा जाणता माणूस होता आणि विद्यापीठ त्याला पगार देत होते.

तालुक्याच्या महाविद्यालयांत काम करणाऱ्या विद्यार्थी कार्यकर्त्यांनी शुल्कवाढीच्या निवेदनासोबत आणखी काही गोष्टी मागाव्यात. रात्री नऊपर्यंत उघडी राहणारी, फळा असलेली एक खोली. कठीण उदाहरणे निवडून देणाऱ्या एका प्राध्यापकाच्या कामात त्या वेळेची रीतसर गणना. आणि पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याला मानधन. मुलींसाठी ही खोली दिवसाही हवी, कारण शेवटची एस.टी. त्यांना गाठावीच लागते. वसतिगृहांत खोल्या देताना जातवार गट पडत नाहीत ना, याची यादी मागून खात्री करून घ्यावी. ही यादी मिळायला बहुधा निवेदनाहून अधिक खेटे घालावे लागतील.