पाण्याखाली माणूस आहे, बावटा ओळखा!

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतले होडीवाले, तांडेल, जलक्रीडा चालवणारे, फेरीबोटींवरचे आणि बार्जींवरचे कर्मचारी, शिनाणे-कालवं काढणारे आणि किनाऱ्यावर येणारे पाहुणे, या सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे. पावसाळा सरला की हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी इथल्या पाण्यात एकाच वेळी सगळे उतरतात. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्या, जेट-स्की, मासेमारीच्या होड्या असतात आणि त्यांच्याच खाली बुडी मारणारी माणसेही असतात. वरच्याला खालचा दिसत नाही आणि खालच्याला वर काय चालले आहे ते कळत नाही. या दोघांमधला निरोप म्हणजे एक बावटा. तो आपल्याकडे फारसा कोणी लावत नाही आणि लावलाच तर फारसा कोणी ओळखत नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वी हे बदलायलाच हवे.

हरमल ते केरीच्या खडकांपाशी शिनाणे काढणारा माणूस पाहा. सोबत हवा भरलेली टायरची ट्यूब, तिला बांधलेली जाळीची पिशवी आणि हातात लोखंडी पट्टी. छाती भरून श्वास घेतो आणि खाली जातो. सवयीचा माणूस मिनिटभर सहज खाली राहतो. त्या मिनिटात पाण्यावर उरते ती फक्त काळी ट्यूब. लांबून ती वाहून आलेल्या कचऱ्यासारखी दिसते.

आता होडीचा हिशेब करा. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी होडी एका सेकंदात 11 मीटर कापते, म्हणजे मिनिटाला साडेसहाशे मीटरच्या वर. तांडेलाने नजर टाकली तेव्हा समोरचे पाणी खरोखरच रिकामे होते. त्याने हलगर्जीपणा केलेला नाही. पण साडेसहाशे मीटर अलीकडून जे पाणी त्याला रिकामे दिसले, तिथे होडी पोहोचते त्याच क्षणी खालचा माणूस श्वास घ्यायला वर येतो. वेगात होडीचा नाळेकडचा भाग उचललेला असतो, तेव्हा अगदी समोरचे पाणी तांडेलाला दिसतही नाही. वर येणाऱ्या माणसाचे डोके पंख्याच्या वाटेत असते. म्हणून नुसते ‘लक्ष ठेवतो’ म्हणून भागत नाही. बावटा लागतोच.

बावटे दोन आहेत. पहिला लाल, त्यावर डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात उतरणारा पांढरा पट्टा. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या डेन्झेल डॉकरी यांनी 1956 मध्ये तो तयार केला आणि पाणबुड्यांनी तो जगभर नेला. पाणबुड्या नेमका कुठे आहे, ते हा सांगतो. दुसरा आंतरराष्ट्रीय संकेतांमधला ‘अल्फा’. काठीकडची बाजू पांढरी, मोकळी बाजू निळी आणि त्या निळ्या टोकाला खाच. त्याचा ठरलेला अर्थ असा: माझा पाणबुड्या खाली आहे, दूर राहा आणि वेग कमी ठेवा. हा होडीवर लावायचा, कारण खाली माणूस असताना ती होडी झटकन वळून कोणाला वाट देऊ शकत नाही.

होडीवरचा ‘अल्फा’ ऐच्छिक आहे असे कोणी समजू नये. 1972 च्या आंतरराष्ट्रीय टक्कर प्रतिबंधक नियमांतला 27 वा नियम पाणबुड्यांच्या होडीविषयी स्पष्ट बोलतो आणि भारताने 1975 च्या नियमावलीने ते नियम आपल्याकडे लागू केले. रात्री उभ्या रांगेत लाल-पांढरा-लाल असे दिवे हवेत. होडी लहान असेल तर दिवसा ‘अल्फा’ची किमान 1 मीटर उंचीची ताठ प्रतिकृती, चारही बाजूंनी दिसेल अशी. ‘आमची होडी छोटी, आम्हाला कसले नियम’ असे म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावे: 12 मीटरपेक्षा लहान होड्यांना या नियमातल्या बहुतेक खुणांची सूट आहे, पण ती सूट पाणबुड्यांच्या होडीला नाही.

आपल्या किनाऱ्यावर एक घोटाळा ठरलेला. जाळ्यांच्या बोयांवर काठीला लाल, काळी, भगवी, मिळेल ती फडकी बांधलेली असतात. जीवरक्षकांचा लाल झेंडा वेगळाच, तो म्हणजे पाण्यात उतरू नका. त्यामुळे नुसते लाल फडके लावून पाणबुड्याची खूण होत नाही. पांढरा तिरका पट्टा स्पष्ट हवा. घरी शिवलात तरी चालेल, पण वरच्या काठात तार घाला म्हणजे वारा पडला तरी बावटा लोंबणार नाही. काठी तरंगत्या बोयावर उभी करा आणि खाली वजन बांधा. बोयाची दोरी अंगाला पक्की बांधू नका. हातात धरा किंवा ओढताच सुटेल अशी गाठ मारा. होडीच्या पंख्यात दोरी अडकली तर बांधलेला माणूस तिच्यासोबत खेचला जाईल.

तांडेल मंडळींनी किती लांब राहायचे? अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात उघड्या समुद्रात 300 फूट आणि नदीत किंवा मुखाच्या अरुंद वाटेत 100 फूट असा दंडक आहे. त्याच्या आत जावेच लागले तर वेग अगदी किमान. शापोरा आणि तेरेखोलच्या मुखांना हे माप सहज पेलेल. समुद्रात शंभर मीटर, नदीत निदान तीस मीटर अंतर राखायचे, असे गावागावांत ठरवून घ्या. बावटा अचानक जवळच दिसला तर घाईने वळू नका, वळणाऱ्या होडीचा पंखा बाजूला मोठा झोका घेतो. इंजिन न्यूट्रल करा, पंखा थांबू द्या, पाण्यावर डोके किंवा बुडबुडे दिसतात का पाहा आणि मगच हळू बाजूला व्हा. मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासवांनाही श्वासासाठी वर यावे लागते. बारीक केलेले इंजिन त्यांचाही जीव वाचवते.

बुडी मारणाऱ्यांना एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. बावट्यापासून लांब भटकू नका, वर येताना त्याच्याजवळच या. शेवटचा माणूस होडीत चढला की बावटा उतरवा. कित्येक ठिकाणी तो शोभेसाठी दिवसभर फडकत असतो, दुकानाच्या पाटीसारखा. खाली कोणी नसताना लावलेला बावटा चार वेळा पाहिलेला तांडेल पाचव्या वेळी थांबत नाही, आणि त्या पाचव्या वेळी खाली माणूस असू शकतो.

डिचोलीकरांनी हे समुद्राचे काम म्हणून सोडून देऊ नये. मांडवीतल्या बार्जींचे पंखे आणि तळ पाण्याखाली उतरूनच तपासतात, जेटीचे खांबही तसेच. लोहखनिजाने भरलेली बार्ज ब्रेक लावल्यासारखी थांबत नाही, तिला बावटा लांबूनच दिसावा लागतो. पाणबुड्या खाली असताना बार्जीचे इंजिन चालू करता येणार नाही, अशी व्यवस्था करून ठेवा. नार्वे-दिवाडी फेरीच्या वाटेवर असे काम असेल तर फेरीवाल्यांना आधी कळवा. नदीत किंवा खाणीच्या पाण्याने भरलेल्या खंदकात कोणी बुडाले की मदतीला म्हणून भराभर होड्या घालतात. भावना समजते, पण अग्निशमन दलाचा माणूस खाली शोध घेत असतो. तिथेही होडीवर ‘अल्फा’ हवा आणि बाकीच्यांनी इंजिने बंद करून बाजूला राहावे.

बंदर कप्तान खात्याने परवान्याच्या तपासणीत जीवरक्षक जाकिटांसोबत बावटाही पाहावा. वादळाच्या इशाऱ्याचा बावटा आपल्याकडे लहान मुलेही ओळखतात. हे दोन बावटेही तसेच ओळखीचे व्हावेत. पंचायतींनी जेटीवर आणि किनाऱ्याच्या वाटेवर रंगीत फलक लावावेत, मराठी-कोंकणीसोबत हिंदी आणि इंग्रजीतही. शॅकवाल्यांनी पाहुण्यांना सांगावे. मालवणला किंवा ग्रँड बेटाकडे स्कूबाला जाणाऱ्यांनी पैसे मोजण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: तुमचा बावटा कुठे आहे? दाखवता आला नाही, तर त्या होडीत पाय ठेवू नका.