पहिल्या पंधरा मिनिटांचे मल्ल

७ जुलै १९९६, फ्लोरिडातील डेटोना बीच. दूरचित्रवाणीवरील व्यावसायिक कुस्तीचा इतिहास सांगणारा कोणीही ही तारीख वगळत नाही. दशकभर मुलांचा लाडका नायक असलेला हल्क होगन त्या रात्री अखेरच्या लढतीत रिंगमध्ये आला आणि खाली पडलेल्या रँडी सॅव्हेजवरच पाय टाकून खलनायकांना जाऊन मिळाला. चिडलेल्या प्रेक्षकांनी रिंगमध्ये कचऱ्याचा वर्षाव केला. डब्ल्यूसीडब्ल्यू या कंपनीचे नशीब त्या क्षणी फिरले, असे आजही सांगितले जाते, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

त्याच रिंगमध्ये त्याच संध्याकाळी, कार्यक्रम सुरू होताच, मुखवटे घातलेले दोन मल्ल भिडले होते : रे मिस्टेरिओ ज्युनिअर आणि सिकोसिस. दोघेही मेक्सिकोतील तिहुआनाच्या कुस्तीत घडलेले आणि एकमेकांशी पूर्वी अनेकदा लढलेले. मिस्टेरिओचे वय २१, उंची जेमतेम साडेपाच फूट. साधारण पंधरा मिनिटांची ती लढत होती. शेवटी सिकोसिसने कोपऱ्यातील सर्वांत वरच्या दोरावर उभे राहून मिस्टेरिओला, त्याचे दोन्ही हात फाकवून, खांद्यावर उचलले. तेथून तो त्याला खाली आपटणार, एवढ्यात मिस्टेरिओने हवेतच त्याच्या मानेला पायांची कात्री घातली आणि त्यालाच उलथवून टाकले. या डावाला हरिकेनराना म्हणतात. या रात्रीच्या इतिहासात मात्र होगनसाठी पाने असतात आणि या दोघांसाठी एखादी ओळ, तीही बहुधा कंसात.

मुख्य लढतीच्या आधी होणाऱ्या लढतींना ‘अंडरकार्ड’ म्हणतात. कुस्तीच्या धंद्यात या शब्दाला तळघराचा वास आहे. पहिल्या जोडीचे काम ठरलेले असते : येत असलेल्या, जागा शोधत असलेल्या, अजून गप्पा मारत असलेल्या प्रेक्षकाला जागे करायचे. पण फार जागे करायचे नाही, कारण त्याचा आवाज शेवटच्या लढतीसाठी शिल्लक राहिला पाहिजे. आधीचा कार्यक्रम लांबला तर वेळ यांचा कापायचा, आणि तो आखडता आला तर भरून काढायचा तोही यांनीच. १९९८च्या सुरुवातीला डब्ल्यूसीडब्ल्यूचा सोमवारचा ‘नायट्रो’ हा कार्यक्रम दोन तासांवरून तीन तासांचा झाला, तेव्हा वाढलेल्या तासाचा मोठा भार बड्या नावांवर नव्हे, तर याच मंडळींवर पडला.

या कुस्तीला नावे ठेवणाऱ्यांचा मुद्दा सर्वांना ठाऊक आहे : सारे आधीच ठरलेले, म्हणजे नुरा कुस्ती. ते खरेच आहे. गंमत अशी की, हाच मुद्दा पुढे नेला तर अंडरकार्डचे मोल कमी होत नाही, वाढते. कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असेल, तर पारखण्यासारखे उरते ते केवळ काम. मुख्य लढतीत ते काम पारखता येत नाही, कारण तेथे नावच अर्धी लढत लढते. होगनने कानाला हात लावला की सभागृह गर्जत असे. पहिल्या लढतीतल्या मल्लाकडे असे नाव नसते, संगीताचा गाजावाजा नसतो, महिनोन्‌महिने रंगवलेले वैर नसते. प्रेक्षक त्याला काहीही देणे लागत नाही. त्याने मिळवलेली दाद त्याच पंधरा मिनिटांत, तेथेच मिळवलेली असते.

२६ ऑक्टोबर १९९७ची लास व्हेगासमधील रात्र याचा अधिक बोलका पुरावा आहे. कार्यक्रमाचे नाव ‘हॅलोविन हॅवॉक’. एडी गरेरो हलक्या वजनाच्या गटाचा विजेता होता आणि त्याच्यासमोर मिस्टेरिओ. गरेरो हरला तर पट्टा जाणार, मिस्टेरिओ हरला तर मुखवटा. मेक्सिकन परंपरेत या दोन गोष्टींची बरोबरी होत नाही. पट्टा पुन्हा जिंकता येतो. मुखवटा गेला की माणसाची ओळखच गेली. एल सांतो या महान मल्लाने सारी कारकीर्द मुखवट्याआड काढली, १९८४ मध्ये मृत्यूच्या थोडे आधी तो क्षणभर बाजूला केला, आणि दफनही मुखवट्यासहच झाले.

गरेरो त्या रात्री खलनायक होता आणि त्याने ही गोष्ट नीट ओळखली. त्याने केवळ डाव टाकले नाहीत. तो वारंवार मिस्टेरिओच्या मुखवट्याला हात घालत होता, बोटांनी कापड ओढत होता, फाडत होता. मिस्टेरिओचा जांभळा पोशाख मुखवट्यापासून पायांपर्यंत सलग शिवलेला होता; त्यामुळे प्रत्येक ओढीला जणू कातडीच सोलली जात आहे, असा भास होई. कोलांट्या, दोरांवरून उड्या, सारे काही होते, पण प्रत्येक उडीमागे काहीतरी वाचवण्याची धडपड दिसत होती. शेवट पुन्हा तोच : वरचा दोर, खांद्यावर उचलणे, हवेत पायांची कात्री. डाव जुना, अर्थ नवा. डेटोना बीचला त्या डावाने लढत संपवली होती. लास व्हेगासमध्ये त्याने एक चेहरा झाकलेला ठेवला. चौदा मिनिटांच्या आत एवढे सारे मांडून झाले होते.

त्याच रात्री सर्वांत शेवटी, लोखंडी पिंजऱ्यात, होगन आणि रॉडी पायपर लढले. दोघांनीही चाळिशी ओलांडलेली, पट्टा पणाला नाही, आणि पिंजऱ्यात एक प्रेक्षकच चढून आला, हे त्या लढतीतले सर्वांत लक्षात राहिलेले दृश्य. फलकावर मात्र मोठ्या अक्षरांत हीच नावे होती.

येथे कंपनीची बाजूही मांडली पाहिजे. तिकिटे होगनच्या नावावर खपत होती, जाहिराती त्याच्यामुळे येत होत्या. मिस्टेरिओला अमेरिकन दूरचित्रवाणीवर पंधरा मिनिटे मिळाली ती त्याच पैशावर. हे नाकारणे भाबडेपणाचे ठरेल. भारतातील केबलच्या दिवसांत मराठी घरांतील मुलांनी ट्रम्प कार्डांवर जमवले तेही बहुतेक मोठ्या नावांचेच धिप्पाड देह. पण गिऱ्हाईक कोणी आणले आणि माल कोणी घडवला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इतिहास पहिल्याचे उत्तर देऊन दुसऱ्याचेही दिल्याचा आव आणतो, तक्रार आहे ती एवढ्यापुरतीच.

कंपनीलाही हा फरक कळला होता, असे म्हणवत नाही. जो मुखवटा १९९७ मध्ये इतक्या शर्थीने वाचला, तो २१ फेब्रुवारी १९९९ रोजी एका दुहेरी लढतीत केविन नॅश आणि स्कॉट हॉल या दांडग्या जोडीपुढे उतरवला गेला. मिस्टेरिओला स्वतःला ते मान्य नव्हते. त्याने पुढे हे उघडपणे सांगितले. गरेरो जानेवारी २००० मध्ये तीन सहकाऱ्यांसह प्रतिस्पर्धी डब्ल्यूडब्ल्यूएफकडे निघून गेला. मार्च २००१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूच त्या कंपनीला विकली गेली.

पुढे २००२ मध्ये मिस्टेरिओ नव्या कंपनीत आला तो मुखवटा घालूनच. फेब्रुवारी २००४ मध्ये गरेरोने सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये ब्रॉक लेस्नरला हरवून सर्वोच्च पट्टा जिंकला, तोही रात्रीच्या अखेरच्या लढतीत. नोव्हेंबर २००५ मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी, तो गेला. त्यानंतर पाच महिन्यांनी, २ एप्रिल २००६ रोजी, शिकागोलगत झालेल्या २२व्या रेसलमेनियात मिस्टेरिओ जागतिक विजेता झाला. त्या विजेतेपदाच्या लढतीला मिळाली सुमारे नऊ मिनिटे, आणि ती कार्डावर अखेरची नव्हती.