बंदुकीचा कारागीर कोठे घडावा?

अर्थशास्त्राच्या तासाला श्रम आणि कौशल्य ह्या विषयाची चर्चा चालू असताना एटापल्लीकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, बंदूक दुरुस्त करायला कुठं शिकवतात?" वर्ग हसला. प्रस्तुत लेखकालाही क्षणभर हसू आले, हे कबूल केले पाहिजे. गडचिरोलीच्या मुलाच्या तोंडी बंदुकीचा शब्द आला की आपल्याला एक तर नक्षलवादी आठवतो, नाही तर पोलीस. बंदूक घडविणारा आणि दुरुस्त करणारा असा एक तिसरा माणूस असतो, ह्याचे भान आपल्याला राहत नाही.

प्रश्नाचे सरळ उत्तर असे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक बनविणेच नव्हे, तर व्यवसाय म्हणून दुरुस्त करणे ह्यासही परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्रनिर्मितीला किमान सात वर्षांची आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. तेव्हा घरच्या भात्यावर हे शिकण्याचा मार्ग बंद आहे, आणि तो बंद असणे योग्यच होय. कायदेशीर मार्ग तीन. पहिला सैन्याचा: ईएमई ह्या तांत्रिक दलात ‘आर्मोरर’ हा शस्त्रदुरुस्तीचा व्यवसाय शिकविला जातो. दुसरा पोलीस दलाच्या शस्त्रागाराचा. पण तेथे आधी शिपाई व्हावे लागते. तिसरा मार्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटर, टर्नर किंवा मशिनिस्ट होऊन, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली आयुधनिर्माणीत शिरण्याचा.

हा तिसरा मार्ग विदर्भाच्या अंगणातून जातो. भद्रावतीची चांदा आयुधनिर्माणी दारूगोळा भरते, नागपूरजवळची अंबाझरी निर्माणी तोफगोळ्यांची कवचे घडविते. रायफली मात्र ईशापूर, कानपूर, तिरुचिरापल्ली येथे होतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून ह्या साऱ्या निर्माणी सात सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या. त्यांपैकी यंत्र इंडिया ह्या कंपनीचे मुख्यालय नागपुरातच आहे. म्हणजे कारखाने आहेत, कायदा आहे, व्यवसायही आहे. नाही तो एटापल्लीहून तेथवर जाणारा रस्ता. भद्रावती दीडशे किलोमीटरच्या पलीकडे. अर्ज इंटरनेटवर भरायचा, तर गावात सिग्नल मिळण्याची खात्री नाही. माडिया बोलणाऱ्या मुलाला मराठी ही दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. मायक्रोमीटरचे वाचन त्याला चौथ्या भाषेसारखे वाटले तर दोष त्याचा नव्हे.

आणि तरीही ह्या भागाला हे काम परके नाही. शिकारीसाठी वापरली जाणारी भरमार बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासण्याची, येथल्या कित्येक घरांत पिढ्यान्पिढ्या होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार गुन्हा ठरली. अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांनी अशा बंदुका पोलिसांकडे जमाही केल्या. हत्यार जमा झाले ते चांगलेच झाले. परंतु ते चालू ठेवणाऱ्या हातांचे काय करावयाचे, हे कोणी विचारले नाही.

जगाने ह्या प्रश्नाची दोन उत्तरे दिलेली आहेत. ऑस्ट्रियातील फेरलाख हे आल्प्सच्या पायथ्याचे लहानसे गाव. तेथे सोळाव्या शतकापासून बंदुका घडत. १८७८ साली तेथे ह्या विद्येची शाळा निघाली. ती आजही चालू आहे, आणि शस्त्रकामाबरोबर यंत्रविद्याही शिकविते. दुसरे उत्तर बिहारमधील मुंगेरचे. अठराव्या शतकात नवाब मीर कासीमने तेथे शस्त्रशाळा उभारली. पुढे कारखान्यांना परवाने मिळाले, पण मर्यादित संख्येचे. मागणी आटली, आणि अनेक कारागीर चोरट्या पिस्तुलांच्या धंद्याकडे वळले. कौशल्याला कायदेशीर बाजारपेठ मिळाली नाही, तर ते नाहीसे होत नाही. ते बेकायदा बाजारात जाते. अर्थशास्त्रातील हा साधा नियम आहे.

कोणी म्हणेल, चार दशके बंदुकीने होरपळलेल्या मुलखात पुन्हा बंदुकीचीच विद्या कशाला? आक्षेप रास्त आहे. म्हणून एटापल्लीत बंदुकीची शाळा काढा, असे आमचे म्हणणेच नाही. बंदुकीच्या कारागिराजवळ असते ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची नजर, पोलादाला पाणी देण्याची जाण आणि कानशीवर चालणारा सरावाचा हात. हीच विद्या पंपाला, मोटारीला, शस्त्रक्रियेच्या उपकरणाला लागते. बंदुकीची वाट बंद झाली तरी असा कारागीर उपाशी राहत नाही.

ह्या जिल्ह्यांना लोखंडाने एकदा चकवले आहे. १८८२ साली चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील खनिजाविषयीचा फॉन श्वार्ट्झ यांचा अहवाल जमशेदजी टाटांच्या वाचनात आला. पण पोलादाचा कारखाना अखेर उभा राहिला तो साकचीला. आता सूरजागडचे खनिज ट्रकांनी बाहेर पडते आणि कोनसरीला कारखाना उभा आहे. त्या डोंगराखालच्या मुलाच्या वाट्याला केवळ ट्रकचे चाक आणि फाटकावरचा पहारा येणार असेल, तर पोलाद जवळ आले काय आणि दूर गेले काय, सारखेच.

मागण्या मोठ्या नाहीत. तालुक्याच्या प्रशिक्षण संस्थेत चालू यंत्रे आणि कायम निदेशक असावेत. पहिल्या वर्षी माडिया जाणणारा साहाय्यक असावा. भद्रावती, अंबाझरी आणि कोनसरी येथे ह्या तालुक्यांतील शिकाऊ उमेदवारांसाठी वसतिगृहासह जागा ठेवाव्यात. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बंदूक खाली ठेवणाऱ्याच्या पुनर्वसनाची योजना शासनाजवळ आहे. बंदूक कधीच न उचललेल्या मुलासाठीही एक असली पाहिजे.

त्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी मी वरील तीन मार्ग कागदावर लिहून दिले. त्याने कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारले, "ह्यातलं जवळचं कोणतं?" ह्या प्रश्नाला वर्गात कोणी हसले नाही. उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हते. ते शासनाने द्यावयाचे आहे.