शब्दविचार : ऑब्लिव्हियस

धुळ्याच्या एखाद्या पेढीवरून परप्रांतातील व्यापाऱ्यास इंग्रजीत पत्र जात आहे, असे समजा. मालाच्या प्रतीतील फरक पेढीला कोणी कळविलेलाच नव्हता. पत्र लिहिणारा तरुण ‘आम्हांस याची कल्पना नव्हती’ हे सांगू इच्छितो. शब्दकोशात त्याला ‘ऑब्लिव्हियस’ हा भारदस्त शब्द सापडतो व तो तोच योजतो. वाचणारा मात्र निराळाच अर्थ घेतो : माल समोर होता, पण पेढीने लक्ष दिले नाही. निर्दोषत्व सांगावयास निघालेल्या पत्रात दोषाची कबुली लिहिली जाते! तेथे ‘अनअवेअर’ हा साधा शब्द पुरेसा होता.

या शब्दाचे मूळ ‘विसरणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. इंग्रजीतही त्याचा पहिला अर्थ ‘विसराळू’ असाच होता. ‘भान नसलेला’ हा अर्थ पुढे रूढ झाला आणि शुद्धतेच्या कैवाऱ्यांना तो बराच काळ खटकत राहिला. त्यापुढे ‘ऑफ’ व ‘टू’ ही दोन्ही अव्यये येतात; आज ‘टू’ अधिक आढळते.

मराठीत यासाठी एकच प्रतिशब्द पुरत नाही. पुस्तकात रमलेल्या मुलीला हाका ऐकू आल्या नाहीत, तर तिला ‘भान नव्हते’; गल्ला उघडा टाकून गप्पांत रंगलेला नोकर ‘गाफील’. इंग्रजी शब्द दोघांनाही लागू पडतो, मराठी माणूस मात्र एकीला कौतुकाने पाहतो आणि दुसऱ्याला बोल लावतो.

खानदेशाला या अवस्थेची एक जुनी कथा परिचित आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी इ. स. १२०७ मध्ये मठ स्थापिल्याची नोंद आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख १८६५ मध्ये उजेडात आणला. याच आचार्यांच्या ‘लीलावती’चा फारसी अनुवाद अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केला आणि त्यात ती कथा सांगितली. लीलावतीच्या विवाहाचा एकमेव शुभ क्षण कळावा म्हणून पाण्यात घटिकापात्र ठेवले होते. कुतूहलाने वाकून पाहताना तिच्या अलंकारातील मोती त्यात पडला आणि पात्राचे छिद्र बुजले. कोणाच्याही ध्यानात आले नाही. पात्र बुडेना आणि मुहूर्त मात्र टळून गेला. कथेला ऐतिहासिक आधार नाही, परंतु ‘ऑब्लिव्हियस’ समजावून देण्यास तिच्याइतके नेमके उदाहरण विरळाच. पात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर होते.

जैन वाचकाला हा भेद नवा नाही. नवकारसीच्या पच्चक्खाणात दोन आगार आहेत, अनाभोग आणि सहसाकार. व्रत आहे हे विसरून काही तोंडात घातले, तर तो अनाभोग. पावसाचा थेंब अकस्मात तोंडात उडाला, तर सहसाकार. दोहोंनी व्रत भंगत नाही. मात्र स्मरण होताच तोंडातील घास टाकून द्यावयाचा असतो. विसर क्षम्य आहे, आठवल्यानंतरचा घास नव्हे. प्रमाद त्याहून वेगळा. ‘ऑब्लिव्हियस’चा जुना, विसराचा अर्थ अनाभोगाच्या जवळ जातो, आजचा अर्थ पुष्कळदा प्रमादाकडे झुकतो.

म्हणूनच बिलातील एखादी रक्कम चुकून राहून गेली आणि ‘अनवधानाने’ असे इंग्रजीत कळवावयाचे असेल, तर ‘इनॲडव्हर्टंटली’ हा शब्द घ्यावा. तो झालेल्या चुकीविषयी बोलतो. ‘ऑब्लिव्हियस’ चूक करणाऱ्याच्या स्वभावाविषयी.