याप्य संगणक आणि आमच्या रुग्णपत्रिका



14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज 10 या संगणक प्रणालीचा नियमित आधार संपुष्टात आणला. तत्पूर्वी विंडोज एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 रोजी, तर विंडोज 7 चा 14 जानेवारी 2020 रोजी संपला होता. दुसऱ्या दिवशीही दवाखान्यातील संगणक नेहमीप्रमाणे सुरू होतो, बिले छापली जातात. त्यामुळे काही बिघडले आहे असे कोणास वाटत नाही. आम्हांसही पूर्वी तसेच वाटले होते.

आधार संपणे म्हणजे यंत्र बंद पडणे नव्हे. प्रणालीत नव्याने उघडकीस येणारी छिद्रे बुजविण्याचे काम कंपनी थांबविते. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर व्याधी झालेली नसते, व्याधिक्षमत्व मात्र गेलेले असते. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने इंग्लंडमधील 236 पैकी किमान 80 सरकारी रुग्णालय-न्यासांचे कामकाज विस्कळीत केले. त्या छिद्रावरील उपाय कंपनीने मार्चमध्येच दिला होता. बाधित यंत्रांपैकी बहुतेक विंडोज 7 ची, म्हणजे तेव्हा आधार असलेलीच होती. त्यांना तो उपाय कोणी लावला नव्हता. औषध हाताशी असून न घेणारा आणि ज्याला औषधच मिळत नाही असा, दोघेही सारखेच असुरक्षित.

आमची हानी मात्र कोणा चोराने केली नाही. 2007 साली आम्ही एक्सपी प्रणालीचा संगणक घेतला व रुग्णपत्रिका मराठीत टंकित करू लागलो. 2019 च्या उन्हाळ्यात त्याचा मदरबोर्ड जळाला. हार्डडिस्क वाचली, सर्व फायली नव्या संगणकावर आल्या, आणि उघडल्या तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस व स्वल्पविराम यांची निरर्थक रांग दिसली. जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरला संगणकामागे जोडावयाचे कुलूप लागत असे. नव्या यंत्रास ते जोडण्याची जागाच नव्हती. विक्रेत्याने ती आवृत्ती केव्हाच बंद केली होती.

त्याच आठवड्यात आमवाताच्या एक वयोवृद्ध रुग्णा आल्या. पूर्वीच्या नोंदी वाचता येत नव्हत्या. आम्ही अमृतभल्लातक लिहावयास घेतले, तोच सोबतच्या कन्येने विचारले, "वैद्यराज, मागे ज्या औषधाने आईच्या अंगाला सूज आणि खाज आली होती, ते हेच का?" ती नोंद 2011 साली आम्हीच केली होती. ती संगणकात होती, परंतु आमच्यासाठी नसल्यासारखीच होती. त्या दिवशी मुलीच्या स्मरणशक्तीने आम्हांस वाचविले.

असे का झाले? जुन्या मराठी फॉन्टमध्ये 'क' हे अक्षर संगणकाच्या लेखी 'क' नसतेच. तेथे एखाद्या इंग्रजी चिन्हाचा क्रमांक साठविलेला असतो आणि फॉन्ट त्यावर देवनागरीचा आकार चढवितो. फॉन्ट गेला की आकार गेला. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून यंत्र बदलले तरी मजकूर टिकतो. विंडोज 2000 पासूनच ही सोय उपलब्ध होती. आम्ही मात्र सवयीच्या कळफलकास चिकटून राहिलो.

मराठवाड्याला ही अवस्था नवी नाही. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी निजामकालीन दप्तरे धुंडाळली गेली, तेव्हा कागद सापडले तरी मोडी व उर्दू वाचणारे जाणकार शोधावे लागले. अक्षर शाबूत आणि वाचक नाही, ही गत कागदाची व्हावयास काही पिढ्या लागल्या. आमच्या रुग्णपत्रिकांची ती बारा वर्षांत झाली.

सुश्रुताचार्यांनी याप्य व्याधीस कोसळू पाहणाऱ्या घराची उपमा दिली आहे. नीट लावलेला टेकू असेतो घर उभे राहते. आधार संपलेला संगणक असा याप्य समजावा. त्यास असाध्य मानून घाईने भंगारात देऊ नये आणि निरोगी समजून निर्धास्तही राहू नये. त्याचे पथ्य आम्ही पाळतो ते असे. तो आंतरजालापासून तोडावा. जीएसटी विवरणपत्र, बँक व्यवहार व ई-मेल आधार असलेल्या दुसऱ्या यंत्रावर करावेत. परक्याचा पेन ड्राइव्ह त्यास लावू नये. विंडोज 10 साठी कंपनीने वाढीव सुरक्षा योजना जाहीर केली. घरगुती वापरकर्त्यांस तिची मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे, संस्थांना शुल्क भरून कमाल तीन वर्षे. यंत्र सुस्थितीत असल्यास लिनक्सचाही विचार करावा. मात्र आपले बिलाचे सॉफ्टवेअर त्यावर चालते की नाही, हे आधी पडताळावे.

याहून महत्त्वाचे काम यंत्र चालू असतानाच उरकावयाचे आहे. जुन्या फॉन्टमधील नोंदी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात. रूपांतरात जोडाक्षरे, रफार व आकडे बिघडतात, म्हणून मात्रा, अनुपान व असात्म्य द्रव्ये डोळ्यांनी तपासावीत. ही तीन सदरे कागदावरही छापून ठेवावीत. दोन प्रती ठेवाव्यात, पैकी एक दवाखान्याबाहेर, आणि दर तिमाहीस ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. औषधी विक्रेत्यांनी सॉफ्टवेअर घेतानाच साठा, बॅच क्रमांक व मुदतीची तारीख कोणत्याही यंत्रावर उघडेल अशा साध्या तक्त्यात काढून मिळेल, असे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. रुग्णाची माहिती त्याने विश्वासाने दिलेली असते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातही तिच्या सुरक्षेचे दायित्व आपल्यावर टाकणारी तरतूद आहे.

कंपनीचा दोष नाही काय? आमच्या मते आहे. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 व ठराविक पिढीपुढील प्रोसेसर आवश्यक ठरविल्याने पुष्कळ चालती यंत्रे अपात्र ठरली. लहान दवाखान्यास व दुकानास हा खर्च जड आहे आणि त्याविरुद्ध संघटनेने आवाज उठवावा. तथापि त्या निर्णयाची वाट पाहत आपले दप्तर पणास लावू नये.

आमच्या फायली अखेर वाचल्या, त्या गावातीलच एका वैद्यमित्रांकडे तोच फॉन्ट, कुलपासह, जुन्या संगणकावर चालू होता म्हणून. चार महिने रात्री त्यांच्याकडे बसून आम्ही नोंदी उतरवून घेतल्या. यावरून संघटनेस एक विनंती आहे. प्रत्येक तालुका शाखेने असे एक जुने यंत्र, अधिकृत फॉन्ट व कुलपासह, केवळ दप्तर वाचण्यासाठी जतन करावे आणि सभासदांच्या फायली रूपांतरित करण्यास ते खुले ठेवावे. ज्यांच्याकडे अशी सामग्री अडगळीत पडली असेल, त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी शाखेस कळवावे.

सुज्ञांस अधिक सांगणे न लगे. इत्यलम्।